मोठ्या जाऊची खोटी मुलाखत

आमच्या घरात मला अजून ‘बुलढाण्याची’ म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं कॉलेजात गेली, तरी सासूबाई शेजारणीला सांगताना ‘आमची बुलढाण्याची’ असंच सांगतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला आजवर कळलेलं नाही. माझे वडील कचेरीत कारकून, त्यामुळे मी ‘मला-तुला’ बोलत या घरात आले. इथं सगळे ‘मले-तुले’. आता मी दोन्ही बोलते. शांत असले की बुलढाण्याचं, आणि डोकं फिरलं की आमच्या गावचं, उंद्रीकडचं. डोकं माझं तसं वरचेवर फिरतं.

तर झालं असं की मला सर्व्हेचं काम मिळालं. मोठ्या माणसांना दवाखान्याची जी गरज पडते ती भागते की नाही, हे घरोघर जाऊन विचारायचं. लहान मुलांचं मोजमाप सगळेच करतात. वजन घेतात, उंची घेतात, अंगणवाडीच्या भिंतीवर तक्ता लावतात. मोठ्यांना कोण विचारतं? मला काम ऐकूनच आवडलं होतं. चिखलीला आमचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून एक तरुण सर आले होते, बोलायला गोड, पण नियमाला पक्के. प्रत्येकीच्या हातात एकेक टॅब दिला आणि म्हणाले, गावात जायच्या आधी घरच्या माणसांवर सराव करा, बायांवर करा आणि पुरुषांवरही करा. प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा. शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

घरी आले तर सरावाला सापडणार कोण? आमचे हे चिखलीत कृषी केंद्रात कामाला, घरी आले की जेवून आडवे. पोरं मोबाइलमध्ये. सापडली ती मोठी जाऊ, कारण ती कधी घर सोडून कुठं जातच नव्हती.

मोठ्या जाऊला मी ‘बाई’ म्हणते. पन्नाशीला आलेली, उंच, कामाला वाघीण. पण हसायची नाही. कोणी कितीही गमतीचं बोललं तरी ओठ दाबून धरायची आणि मान फिरवायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, लई भारीची हाय. तिचं माहेर वरवट बकालला, म्हणजे आमच्याकडून खामगाव, शेगाव करत पार तिकडे. भाऊ चांगले, भावजया चांगल्या, दर दिवाळीला फोन यायचा की ये. ही जायची नाही. लग्नकार्याला नवऱ्याला पाठवायची, स्वतः काहीतरी निमित्त काढायची. आमच्या घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की हिचं भावांशी कशावरून तरी बिनसलंय आणि ही सांगत नाही. मीही तेच समजून चालले होते.

दुपारची वेळ होती. ती ओसरीत लसूण सोलत बसली होती. सासूबाई आत झोपलेल्या. मी टॅब घेऊन समोर बसले.

“बाई, मला जरा सराव करू द्या. खोटं खोटं. मी विचारते, तुम्ही सांगा.”

“खरं सांगू का खोटं सांगू?”

“काही बी सांगा. मला बटनं दाबायची सवय झाली म्हणजे झालं.”

मी घसा साफ करून वाचलं, “गेल्या वर्षभरात तुम्हाला आरोग्यसेवेची गरज भासली, पण ती मिळाली नाही, असं झालं का?”

“मले काय धाड भरली?” ती म्हणाली. “नाही.”

मी ‘नाही’ दाबलं. टॅबवर लगेच आलं, ‘मुलाखत पूर्ण झाली. धन्यवाद.’ पुढचे सगळे प्रश्न गडप! त्रास कोणता, किती दिवसांपासून, कामात अडचण येते का, दवाखान्यात का गेला नाहीत, यातला एकही प्रश्न उघडेना. माझं डोकं फिरलं.

“अवं बाई, असं ‘नाही’ नका म्हणू नं! ‘नाही’ म्हटलं की हे बंदच पडते. मंग म्या सराव कायचा करू?”

“मंग काय म्हनू?”

“‘हो’ म्हणा की.”

“बरं बाप्पा. हो.”

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ‘हो’ दाबलं आणि पुढचा प्रश्न उघडला. “कोणत्या त्रासासाठी?”

तिचे लसणावरचे हात थांबले. आत सासूबाई झोपल्या होत्या तिकडे तिनं एकदा पाहिलं.

“कोनता बी सांगू?”

“कोणता बी.”

“मंग लिही. अंग भायेर येते.”

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाची पिशवी खाली सरकते आणि बाहेर येते. आमच्याकडे बाया त्याला एवढंच म्हणतात, आणि तेही फक्त एकमेकींच्या कानात. मला वाटलं, वा, काय डोकं चाललंय बाईचं! खोटं सांगायचं तर असं सांगावं. मी भराभर बटनं दाबत होते.

“किती दिवसांपासून?”

“लहान्याच्या वक्तापासून.”

लहान्या म्हणजे तिचा धाकटा. तो आता संभाजीनगरला कंपनीत आहे. तरीही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही, इतकी मी त्या टॅबमध्ये घुसले होते. “यामुळे रोजच्या कामात अडचण येते का?” मी वाचलं.

“येते नं. पान्याचा गुंड उचलला की येते. खोकलं की येते. वावरात वाकून निंदता येत नाही, म्हनून बुड टेकून निंदा लागते. लुगड्याची घडी ठेवा लागते, थे ओली झाली की बदलाव लागते. हासलं की लघवी होते, म्हनून हासाचं नाही. वावरात तरी कपाशीच्या आड बसून बदलता येते. एसटीत कुठी बदलू?”

माझं बोट ‘एसटी’वर थांबलं. वरवट बकाल. दोनदा गाडी बदलून जायचं, अर्धा दिवस रस्त्यात.

“बाई,” मी म्हटलं, “हे खोटं आहे नं?”

“तूच म्हने, काही बी सांग.” तिनं लसणाची दुसरी कुडी घेतली. “संपलं का तुह्यं?”

संपलं नव्हतं. शेवटचा एक प्रश्न राहिला होता. “दवाखान्यात न जाण्याचं कारण?” त्याच्याखाली यादी होती. दवाखाना लांब आहे, वेळ मिळाला नाही, सोबत कोणी नाही, असं एकेक. मी वाचत गेले आणि ती ऐकत गेली.

“त्याच्यात लाज हाय का?” तिनं विचारलं.

लाज नव्हती. मी ‘इतर’ दाबलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. एकाच चुलीवर आम्ही स्वयंपाक करत होतो इतकी वर्षं! मी तिला म्हटलं, उद्याच्या उद्या दवाखान्यात जायचं, माझ्यासोबत. ती म्हणाली, “बोंबलू नको. आई उठतीन. सोयाबीन निघू दे, मंग पाहू.”

मला तिचं ‘मंग’ माहीत होतं. सोयाबीननंतर कपाशी येते, कपाशीनंतर तूर, तुरीनंतर हरभरा, आणि हरभऱ्यानंतर कोणाचं ना कोणाचं लग्न. त्यात दवाखान्याला जागाच नाही.

मग माझं गावोगाव फिरणं सुरू झालं. कधी जीपने, कधी एसटीने, खांद्याला पिशवी आणि हातात टॅब. जिथं जाईन तिथं चहा, जिथं जाईन तिथं ‘नाही’. गुडघे सुजून डब्यासारखे झालेली बाई भिंतीला धरून चहा घेऊन आली आणि म्हणाली, नाही, गरज नाही पडली. एका म्हाताऱ्या बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा दिसत होता. ते दाव्याला धरून बकरी बांधत होते, चाचपत. त्यांनाही तोच प्रश्न वाचला.

“नाही. दिसते नं मले,” बाबा म्हणाले. “बकरी दिसते.”

“आणि माणूस?”

“मानसाचा आवाज येते की.”

त्यांच्या लेखी माणूस बाजेवरून उठेनासा झाला म्हणजे गरज. त्याच्या अलीकडचं सगळं म्हणजे चालतंय. आणि मी ‘नाही’ दाबायची आणि टॅब सगळ्यांचे आभार मानायचा. माझं काम भराभर होत होतं. मी मनातल्या मनात जळत होते.

एका संध्याकाळी चिखलीला मी सरांना गाठलंच. म्हटलं, “सर, हा पहिला प्रश्न बदला. आमच्या भागात गरज कोणी स्वतःहून कबूल करत नाही. त्रास काय होतो ते आधी विचारा.” घरचं उदाहरणही सांगितलं, कोणाचं ते न सांगता. सरांनी वहीत टिपून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही म्हणता ते पटतंय मला. पण एका ठिकाणी प्रश्न बदलला तर दुसऱ्या जिल्ह्याशी ताडून पाहता येत नाही. मी वर कळवतो.” माझा चेहरा पाहून ते म्हणाले, “पण प्रश्न वाचून झाल्यावर घाई करू नका. गप्प बसून राहायला कोणी मनाई केलेली नाही.” माणूस चांगला होता हो. मी त्यानंतर प्रश्न वाचून गप्प बसायला लागले, आणि काही घरांत दुसऱ्या घोटाला ‘नाही’चं ‘तसं हाय थोडं’ व्हायला लागलं.

पण घरचं तसंच होतं. बाईला मी रोज टोचत होते आणि ती रोज सोयाबीन दाखवत होती. सोयाबीन पिवळं पडायला आलं होतं. एकदा सोंगणी लागली की ही पुन्हा वावरात बुड टेकून बसणार, आणि संध्याकाळी ओझं डोक्यावर. एके दिवशी न्हाणीतून ती भिंत धरून बाहेर आली, तोंड पांढरं. मी विचारलं तर म्हणाली, “लाल जाऊन राह्यलं थोडं.” त्या दिवशी मी ठरवलं की आता हिला विचारायचंच नाही. भासऱ्यांना सांगायचं.

ठरवणं सोपं होतं हो! भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्याकडे धाकट्या सुनेनं भासऱ्यांसमोर पदर घ्यायचा, समोर बसायचं नाही, बोलायचं ते कामापुरतं. ‘जेवायला वाढलंय’, ‘दूधवाला आलाय’, झालं. त्यांच्या बायकोचं अंग बाहेर येतं, हे कोणत्या तोंडानं सांगू? नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना विहिरीत उडी मारायला सांगितलं. “मी? दादाले? वहिनीचं? येडी झाली का?”

मग मला टॅब आठवला.

सकाळी भासरे ओट्यावर चहा पीत बसले होते. मी पदर घेऊन उभी राहिले. “भाऊजी, सरांनी पुरुष माणसावरही सराव करायला सांगितलाय.” हे काही खोटं नव्हतं. ते म्हणाले, “मंग करा की.” आणि आत जाऊन टोपी घालून आले. मुलाखत म्हणजे टोपी पाहिजे! ताठ बसले. मी खाली पायरीवर बसले.

वय विचारलं, शिक्षण विचारलं. मग पहिला प्रश्न. “नाही,” भासरे म्हणाले. टॅबनं आभार मानले आणि बंद झाला. मी काही तो खाली ठेवला नाही. त्या बंद काचेकडे बघत मी वाचल्यासारखं म्हटलं, “तुमच्या घरात कोणाला असा त्रास आहे का, जो त्यांनी तुम्हाला सांगितलेला नाही?”

“सांगतलाच नाही तं मले कसा म्हायती राहीन?”

बरोबरच होतं त्यांचं. मी काचेवर बोट सरकवलं आणि पुढचा प्रश्न वाचला. “तुमच्या पत्नीचं अंग बाहेर येतं. धाकट्या मुलाच्या बाळंतपणापासून. आता रक्तही जातं. हे तुम्हाला माहीत आहे का?”

भासऱ्यांच्या हातात कप होता तो तसाच राहिला. मी मान वर केली नाही.

“असा सवाल हाय त्याच्यात?”

“हाय,” मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “थे तं मले कमर दुखते म्हनते. म्या दर बाजारी कमरीच्या गोळ्या आनून देतो तिले.” हा माणूस तिला विसरला नव्हता. इतकी वर्षं न चुकता गोळ्या आणत होता बिचारा, भलत्याच दुखण्याच्या.

मी गप्प बसून राहिले.

“पुढचा सवाल काय हाय?” त्यांनी विचारलं.

“दवाखान्यात कधी नेणार?”

“परवा नेतो. लिहा.” मग उठताना स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “सोयाबीनचं म्या पाह्यतो.”

घरात मग जे व्हायचं ते झालं. बाई माझ्यावर अशी भडकली की माझ्या ताटात भाकर वाढेना. “तू ह्यायले सांगतलं? कोनं सांगतलं तुले नाक खुपसाले? आता म्या ह्यायच्यासमोर तोंड कसं दाखवू?” आणि सासूबाईंनी तर घर डोक्यावर घेतलं. बाईच्या जातीला हे असतंच, यासाठी कोणी दवाखान्यात जातं का, पिशवी काढली की बाई कामातून जाते, अमकी गेली, तमकी गेली. “बुलढाण्याचीनं फितवलं,” असं त्या भिंतीला सांगत होत्या. मी एरवी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी दिलं नाही, कारण मला भीती होती की बोलाबोलीत परवाचा दिवस टळेल.

भासऱ्यांनी गावातली गाडी सांगितली. एसटी नको, असं तेच म्हणाले. बाई मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली, बुलढाणा येईपर्यंत माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पडद्यामागं तपासलं, हात धुतले आणि बाईला समोर बसवून विचारलं, “काकू, इतकी वर्षं सहन कसं केलंत?”

“सहन काय करा लागते त्याच्यात,” बाई म्हणाली. “हाय तं हाय.”

डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. पिशवी पार खाली आलेली आहे, बाहेर घासून जखम झालीय, म्हणून रक्त. ऑपरेशन करावं लागेल, खालून करता येईल, पोट फाडायचं नाही. नंतर तीन महिने वजन उचलायचं नाही. बाई सगळं ऐकून घेत होती आणि शेवटच्या वाक्याला तिनं मान हलवली. “नाही जमत, डाक्टरबाई. गोळ्या देऊन द्या.” दाराजवळ भासरे उभे होते, त्यांच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, गेलं. इथपर्यंत येऊन गेलं सगळं.

“तीन महिने!” ती माझ्याकडे वळून म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “तीन महिने पानी कोन भरन? वैरन कोन आनन?”

“मी.”

“तू?” तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तू वैरन आनशीन? बुलढाण्याची? भारा डोक्यावर घेऊन?”

आणि तिला हसू आलं. मला पहिल्यांदा एकदा भारा डोक्यावर दिला होता तेव्हा मी भाऱ्यासकट बांधावरून खाली बसले होते, ते तिला आठवलं असणार. ती खरंच हसली, आवाज करून, डॉक्टरबाईही हसल्या. आणि हसता हसता ती एकदम थांबली. दोन्ही हातांनी मांडीवरचं लुगडं घट्ट धरलं, पाय आवळले. खुर्चीवरून उठेना. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले, म्हणजे दाराकडून कोणाला दिसू नये. ती खाली बघत होती आणि डोळ्यांतून पाणी लुगड्यावर पडत होतं.

“करा,” ती डॉक्टरबाईंना म्हणाली. “करून टाका बाप्पा.”

ऑपरेशन नीट झालं. भासरे सगळे दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होते. सोयाबीन मजुरांनी सोंगलं, थोडं झडलं, झडू दे. मी पाणी भरलं, वैरण आणली, एकदा पुन्हा पडले. सासूबाई दारात बसून बघत होत्या आणि तोंडानं च्-च् करत होत्या, ते वैरणीसाठी की माझ्यासाठी कोण जाणे.

आमच्या गावाचा सर्व्हे तेवढ्यात होऊन गेला होता. आपल्या गावात आपण जायचं नाही असा नियम, म्हणून दुसरी टीम आली होती. त्यातली एक मुलगी मला चिखलीला भेटली, खुशीत होती. “ताई, तुमचं गाव किती पटकन झालं! गल्लीच्या गल्ली ‘नाही’.” पोर नवीन होती.

बाई घरी आली आणि भेटायला येणं सुरू झालं. आमच्याकडे कोणी दवाखान्यातून आलं की गल्ली भेटायला येतेच, बिस्किटचा पुडा किंवा नारळ घेऊन. न येणं म्हणजे भांडण. बाजेभोवती घोळका व्हायचा, कशी हायेस, काय खाते, टाके किती, असं जोरजोरात विचारायच्या. मी चहावर चहा करून वैतागले होते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घोळका उठायचा आणि त्यातली एखादी मागं राहायची. चप्पल शोधतेय, पोराला हाक मारतेय, काहीतरी करत घुटमळायची. बाकीच्या गेल्या की बाजेजवळ परत यायची आणि खाली वाकून हळूच विचारायची. कसं करतेत वं? बेशुद्ध करतेत का? डाक्टर बाई हाय का मानूस? मंग आता हासता येते का?

पहिल्या दिवशी एक होती. दुसऱ्या दिवशी दुसरी. आमची बाई, जी कधी कोणाशी दोन शब्द जास्त बोलत नव्हती, ती प्रत्येकीला सगळं सांगायची, न लाजता, पडद्यामागं काय झालं तेसुद्धा. कोपऱ्यावरच्या घरातली सून आली, जेमतेम तिशीची. गिरणीवाल्याची बायको आली. ज्यांनी ज्यांनी त्या मुलीला ‘नाही’ सांगितलं होतं, त्याच या. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि चरफडायची. कोणावर चरफडू तेही कळत नव्हतं. टॅबवर म्हणावं, तर त्यानं विचारलं होतं. बायांवर म्हणावं, तर दवाखान्याची गरज कशाला म्हणतात तेच त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. आता सांगणारी मिळाली होती, ती बाजेवर पडून होती आणि तिला उठायची मनाई होती.

सासूबाई मात्र या सगळ्या दिवसांत बाजेजवळ फिरकल्या नाहीत. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांकडे डोळे वटारून बघायच्या. एक दिवस दुपार कलली, भेटायला आलेल्या सगळ्या गेल्या, तेव्हा त्या उठल्या, काठी टेकत आल्या आणि बाजेच्या कडेला बसल्या. मला म्हणाल्या, “जाय वं, चहा ठेव.”

मी आत जाऊन चहा ठेवला. मधे नुसती भिंत, दार उघडं.

“लय दुखते का वं?” सासूबाईंनी विचारलं.

“आता नाही दुखत, आई.”

“टाके?”

“आतून हायेत म्हने. आपोआप गळून जातेत.”

चहाला उकळी आली.

“म्हातारीचं करतेत का थे?”

मी गॅस बारीक केला.

“कोन्या म्हातारीचं?” बाईनं विचारलं.

काठीचा आवाज आला, फरशीवर उगाच फिरवल्यासारखा. मग सासूबाई म्हणाल्या, “तुह्या नवऱ्याच्या वक्तापासून हाय मले.”

भासरे सगळ्यात मोठे. त्यांचे केस पांढरे झालेत.

“आई,” बाईचा आवाज फुटला. “मंग तुमी मले काऊन अडवलं?”

“मले वाटलं, म्या काढले एवढे वर्सं, तं तू बी काढशीन,” सासूबाई म्हणाल्या. “बाईले हे असतेच असं मले वाटलं वं. याले दवा असते, हे मले काय मालूम?”

मी कप घेऊन गेले. सासूबाई पदरानं तोंड झाकून बसल्या होत्या. बाईला वाकायची मनाई, तरी ती कुशीवर होऊन त्यांचा हात धरायला बघत होती. दोघी रडत होत्या. मला पाहून सासूबाईंनी हात सोडवून घेतला.

“उद्याच जाऊ, आई,” बाई म्हणाली. “ह्यायले सांगते म्या. गाडी सांगतीन.”

सासूबाई दचकल्या. “नको नको! पोराले नको सांगू. पोटचा पोरगा हाय थो. त्याले कसं सांगाव हे?”

अंगणात भासरे बैलांना वैरण टाकत होते. दारातून त्यांची पाठ दिसत होती.

“मी सांगते,” मी म्हटलं, आणि कप तिथंच खाली ठेवून बाहेर गेले.